एका वाक्याचा गायक

ग्वाकबाई कालवं फोडायच्या शेडमध्ये शिरल्या तेव्हा कुणी मान वर केली नाही. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा बायका उभ्या होत्या. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, गळ्यापासून प्लास्टिकचं एप्रन. कालव उचलायचं, आखूड सुरीचं टोक फटीत घालून मनगट पिळायचं, आतला गोळा डब्यात, कवच मागे. फरशीवरून पाणी वाहत होतं आणि कोपऱ्यातला रेडिओ स्वतःशीच बडबडत होता. ग्वाकबाईंचे सेऊलचे बूट चार पावलांतच भिजले. हातात संत्र्यांचा खोका होता, तो टेकवायला कोरडी जागा सापडेना.

शेवटून तिसऱ्या बाईने सुरी खाली ठेवली आणि ती त्यांच्याजवळ आली. "बाहेर चला," एवढंच म्हणाली.

शेडच्या मागे कवचांचा ढीग माणसापेक्षा उंच झाला होता आणि त्याच्या पलीकडे गोसाँगची खाडी होती. हान पिल-ले सहा वर्षांत बरीच वाळली होती. वय त्रेपन्न असेल, पण पाठीचा बाक साठीचा होता. हातमोजे काढून तिने बोटं एप्रनला पुसली.

"इथे त्याचं नाव काढू नका," ती म्हणाली. "इथे मी सांगितलंय, मला मूलबाळ नाही म्हणून."

ग्वाकबाईंनी बसमध्ये चार तास मनाशी घोकलेलं सगळं बोलणं त्या एका वाक्याने बाजूला सारलं गेलं. त्यांनी सरळच सांगून टाकलं. सकाळचा एक कार्यक्रम आहे, हरवलेली, दुरावलेली माणसं त्यात एकमेकांना भेटतात. त्यांना दोक-सू हवा आहे. पण एकटा नको. आईसकट हवा आहे.

"तेव्हा तर येऊ नका म्हणाला होतात."

"तेव्हा तसं होतं, ताई. आता असं आहे."

पिल-लेने हातातले मोजे झटकले. "येऊन बोलायचं काय?"

"म्हणायचं, की मी त्याला लहानपणी टाकून गेले. माझं चुकलं."

"पण मी गेले नव्हते."

"मला माहीत आहे."

"दर महिन्याला जात होते मी घरी. पाऊस असो, बर्फ असो."

"माहीत आहे, ताई."

पिल-लेने पुढे वाद घातला नाही. हातमोजे पुन्हा चढवत तिने फक्त विचारलं, त्यामुळे पोराला काम मिळेल का. मिळेल, असं ग्वाकबाईंनी सांगितलं. हा शब्द नजर न वळवता उच्चारायला त्या या धंद्यात अठरा वर्षांत शिकल्या होत्या.

ग्वाक यन-सुक सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, त्याचं विशेष दुःखही नव्हतं. तरुणपणी एका जाहिरात कंपनीत त्यांनी शाम्पू विकला, कपडे धुण्याची यंत्रं विकली. ती कंपनी बुडाल्यावर पिओ नावाच्या माणसाने त्यांना आपल्याकडे घेतलं. पिओचं ऑफिस तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं आणि तिथल्या करारपत्रांनासुद्धा तेलाचा वास यायचा. दरवर्षी टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा व्हायच्या. पहिला येणारा मुलगा मोठ्या कंपन्या उचलत. तिसरा, पाचवा, सातवा पिओकडे येत. त्या मुलांचं आयुष्य पुढची स्पर्धा सुरू होईपर्यंतचं. तेवढ्या वेळात जे विकायचं ते विकून घ्यायचं, आणि ते काम ग्वाकबाईंचं.

"तुझा गळा लोक दोन महिने ऐकतील," नव्या मुलाला त्या पहिल्याच दिवशी सांगत. "त्यानंतर तुझ्याबद्दल एकमेकांना सांगायला त्यांना एक वाक्य लागतं. ते मी शोधते. तू त्याच्या बाहेर जायचं नाही."

एकाचं वाक्य होतं, वेल्डिंगच्या ठिणग्यांत गाणं शिकलेला. दुसऱ्याचं, चाळीस किलो उतरवलेला. अकरा मुलांची अकरा वाक्यं त्यांनी शोधली होती. मा दोक-सूचं वाक्य त्यांना शोधावंही लागलं नव्हतं.

एकोणीस वर्षांचा तो पोरगा थोंग्यंगजवळच्या एका गावातून स्पर्धेला आला होता. तो चार वर्षांचा असताना बाप समुद्रात बुडाला. आई जिथे काम मिळेल तिथे, या बंदरातून त्या बंदरात, आणि पोरगा आजीपाशी. आई महिन्यातून एकदा यायची, दोन दिवस राहून परत जायची. हे सगळं त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. दाखवताना मात्र आजी दाखवली, तिचं अंगण दाखवलं, उंबऱ्यावरचे तिचे एकटीचे बूट दाखवले, आणि आईचं वाक्य वेळेअभावी कापलं गेलं. त्या रात्री कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की याची आई याला टाकून पळाली असणार. सकाळपर्यंत हजारो लोक तेच लिहीत होते, आणि मतं पडत होती.

स्पर्धा चालू असतानाच त्या पोरांना भेटून नंबर देऊन ठेवत, म्हणून दोक-सूने घाबरून ग्वाकबाईंना फोन केला होता. त्यांना तो चारचौघांत मॅडम म्हणायचा, एकटा असला की मावशी.

"मावशी, खरं सांगून टाकू का?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या होत्या.

खोटं कुणी बोललं नव्हतं. खरं तेवढं सांगायचं राहिलं. पोरगा तिसरा आला. पिओने करार केला, दोक-सू हे नाव गावठी म्हणून बदलून सन-ऊ केलं आणि आईवर गाणं लिहून घेतलं. त्याच आठवड्यात ग्वाकबाई पिल-लेला जाऊन भेटल्या. सहा महिने कुणासमोर यायचं नाही, एवढंच मागितलं. मी काय करायचं, असं पिल-लेने विचारलं. काहीच करायचं नाही, ग्वाकबाई म्हणाल्या. ते तिला सोपं वाटलं होतं.

गाणं चाललं. झटपट शेवयांच्या एका कंपनीने त्याला जाहिरातीत घेतलं. आईच्या हातची चव आठवून डोळे पुसणारा मुलगा. तो मेकअप करून घ्यायचा त्या पार्लरच्या दारात शाळेच्या गणवेशातल्या मुली त्याची वाट बघत उभ्या राहायच्या, त्याच्या वाढदिवसाला त्यांनी मेट्रोच्या स्टेशनात त्याचा भिंतभर फोटो लावला. त्यांतल्याच काहींनी मग त्याची आई शोधून काढली. तेव्हा ती काम करायची त्या शेडमध्ये रोज फोन यायला लागले. पोराला टाकणाऱ्या बाईच्या हातची कालवं कोण खाणार, असं त्या मुली विचारायच्या. शेडच्या मालकाला खरं माहीत होतं, तो पिल-लेला पंधरा वर्षं ओळखत होता. तरी त्याने तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिने मुलाला फोनवर सांगितलं की गोसाँगला काम बरं आहे, म्हणून जातेय.

दोक-सूला हे कळलं तेव्हा तो ऑफिसात येऊन उभा राहिला. रेडिओवर जाऊन सगळं सांगतो म्हणाला. ग्वाकबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. शेवयांची कंपनी करार मोडेल, गाणं बंद होईल, हे सांगितलं. त्यावर तो हलला नाही. मग त्या म्हणाल्या, "लोक तुला खोटारडा म्हणतील. आणि तिलाही तुझ्या खोट्यात सामील धरतील. आता निदान तू तरी चांगला आहेस."

 त्या दिवसानंतर त्याने हा विषय काढला नाही. मुलाखतीत आईबद्दल विचारलं की तो खाली बघायचा, तीन आकडे मोजायचा आणि मग बोलायचा. हे त्याला ग्वाकबाईंनी शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी नवी स्पर्धा झाली, चौदा नवी पोरं आली. पार्लरच्या दारातल्या मुली दुसऱ्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोक-सूच्या दुसऱ्या गाण्याला कुणी विचारलं नाही, कारण ते आईबद्दल नव्हतं. मग सफरचंदांच्या जत्रा, मग मोबाईलच्या दुकानांची उद्घाटनं. मग दोन वर्षं सैन्यातली सक्तीची नोकरी. परत आला तेव्हा त्याच्या चाहत्यांच्या क्लबात नऊ जणी उरल्या होत्या, आणि त्यांतल्या दोघींची लग्नं झाली होती. करार येत्या वसंतात संपायचा होता. अशात त्या सकाळच्या कार्यक्रमातून फोन आला. ज्याची आई पळाली होती तो मुलगा तुमच्याकडेच ना, ती आई सापडली का, असं त्यांनी विचारलं.

"ग्वाकबाई, वाक्य तुमचं आहे," पिओ म्हणाला. "तुम्हीच जा."

चित्रीकरणाच्या सकाळी पिल-ले पहाटेच्या बसने आली. तिच्या अंगावर जांभळा कोट होता, कुणाकडून तरी मागून आणलेला, बाह्या लांब होत होत्या. मेकअपवाल्या मुलीने तिच्या हातांकडे पाहिलं आणि हातांनाही रंग लावला. ग्वाकबाईंनी तिला पुन्हा एकदा सगळं समजावलं. सूत्रसंचालक काय विचारेल, आपण काय म्हणायचं, कुठे थांबायचं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये दोक-सू भिंतीला टेकून उभा होता. पंचवीस वर्षांचा झाला होता. अजूनही त्याला पांढरा स्वेटरच घालायला लावत.

"तिला रडता येत नाही, मावशी," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती म्हणे. तिला त्यासाठी छळू नका. मी रडेन."

"तू रडून चालणार नाही रे. तिने रडायला हवं."

"हो," तो म्हणाला. "ते मला कळतं."

स्टुडिओत प्रेक्षक म्हणून पन्नासेक मध्यमवयीन बायका बसवल्या होत्या. दोक-सूने आधी ते जुनं गाणं म्हटलं. आवाज वाईट नव्हता. खरं तर तो पूर्वीपेक्षा चांगला झाला होता, पण ते ऐकायला कुणी आलं नव्हतं. मग पडदा सरकला आणि जांभळ्या कोटातली पिल-ले बाहेर आली. बायकांनी माना उंचावल्या. तिने वाकून नमस्कार केला आणि दाखवलेल्या खुर्चीवर अगदी कडेला बसली.

सूत्रसंचालकाने विचारलं. पिल-लेने पाठ केलेलं सांगितलं. मी त्याला टाकून गेले. माझं चुकलं. हजेरी द्यावी तसं तिने ते म्हटलं. डोळे कोरडे होते. प्रेक्षकांतल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. कॅमेऱ्यामागे बसलेल्या, कार्यक्रमाच्या लेखिकेने मोठ्या कागदावर काहीतरी लिहून वर धरलं. सूत्रसंचालकाने तोच प्रश्न फिरवून विचारला, तिने तेच उत्तर दिलं. ग्वाकबाई अंधारात उभ्या होत्या. आता हे कापून टाकतील, त्यांच्या मनात आलं, आणि क्षणभर त्यांना हायसंही वाटलं.

तेवढ्यात दोक-सू उठला. हे कागदावर नव्हतं. तो आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले, खाली पाहिलं. ग्वाकबाईंनी नकळत त्याच्याबरोबर आकडे मोजले. एक, दोन, तीन.

"आई," तो माईकमध्ये म्हणाला, "मला टाकून का गेलीस गं?"

पिल-लेने त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. या प्रश्नाचं उत्तर तिला कुणी पाठ करून दिलं नव्हतं, आणि खरं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक होतं. ती त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू चुरगळत गेला आणि घशातून असा आवाज निघाला की आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाने कानांवरचं उपकरण दूर केलं.

बायका हुंदके द्यायला लागल्या. लेखिकेने कागद खाली ठेवला. दोक-सूने आईला मिठी मारली, आणि मारताना खांदा किंचित वळवला, तिचा चेहरा कॅमेऱ्याला दिसावा म्हणून. ते फक्त ग्वाकबाईंच्या लक्षात आलं. सहा वर्षांत या पोराला आपण काय शिकवलं ते त्यांना एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

त्या भागाचं पुढे काय झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. तो गुरुवारी दाखवला गेला. दोन दिवस लोक पिल-लेला शिव्या देत होते, तिसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी घडलं. दोक-सूला एका सुपरमार्केटच्या उद्घाटनाचं आणि एका वृद्धाश्रमातल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. वसंतात करार संपला, तो कुणी पुढे वाढवला नाही. पुढे तो इंचॉनला एका गोदामात कामाला लागला असं ग्वाकबाईंच्या कानावर आलं. गोसाँगच्या शेडमधल्या बायकांनी पिल-लेशी बोलणं सोडलं. मूलबाळ नाही म्हणाली होती, आणि निघाली ही पोराला टाकणारी. पिल-ले तिथेच काम करत राहिली. आता दुसऱ्या गावाला जायचं म्हटलं तरी टीव्ही तिथेही होता.

पण त्या दिवशी, चित्रीकरण संपलं तेव्हा, बसला दीड तास होता. ग्वाकबाई दोघांना घेऊन इमारतीच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये गेल्या. तिथे भिंतीवरच्या टीव्हीत स्टुडिओत चाललेलं सगळं दिसायचं. दुपार व्हायला अवकाश होता, टेबलं रिकामी होती. तिघं ट्रे घेऊन रांगेत उभी राहिली. वाढणारी बाई पन्नाशीची, जाडजूड, डोक्याला जाळी बांधलेली. तिचे डोळे लाल दिसत होते. दोक-सूच्या ट्रेमध्ये तिने भात दाबून भरला, वर माशाचा जादा तुकडा ठेवला. "खा रे बाळा," म्हणाली, "खा पोटभर."

पिल-लेची पाळी आली तेव्हा तिने अर्धा डाव भात ट्रेमध्ये आपटला.

"पोरगा वाढला कोणाच्या जिवावर, आणि आता शेजारी जेवायला बरी आलीस," ती म्हणाली. "मीसुद्धा नवरा गेल्यावर दोन पोरं वाढवली. इथे भांडी घासून. घशाखाली घास उतरतो तरी कसा तुझ्यासारखीच्या?"

दोक-सू ट्रे घेऊन दोन पावलं पुढे उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. त्याचे कान लाल झाले, मान वळली नाही.

आणि तेव्हा ग्वाकबाई बोलल्या. का बोलल्या, ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "ही कुठे गेली नव्हती हो. तेव्हाही नाही, नंतरही नाही. दर महिन्याला घरी जायची. ते सगळं आम्ही रचलेलं आहे. मी रचलंय."

वाढणाऱ्या बाईने डाव तसाच हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर कीव उमटली.

"तुम्ही यांच्या कंपनीच्या ना? तुमचं कामच आहे बाई सांभाळून घ्यायचं. पण मी आत्ता माझ्या कानांनी ऐकलं. तिच्याच तोंडून."

"ते तिच्याकडून वदवून घेतलं..."

"आणि रडली ती? तेही तुम्हीच करून घेतलंत?"

 शाम्पूपासून आजपर्यंत हजारो लोकांना ग्वाकबाईंनी काय काय पटवून दिलं होतं. हातात एकच खरी गोष्ट होती आणि ती या एका बाईला पटत नव्हती. त्या दोक-सूकडे वळल्या. त्याने सांगावं, म्हणून. तो टेबलाशी जाऊन बसला होता, पाठमोरा. चमचा हातात होता, भात तसाच होता.

पिल-लेने त्यांच्या बाहीला हात लावला. "राहू द्या, बाई," ती म्हणाली. "त्यांनी ऐकलं ते बरोबरच आहे. मीच बोलले ना."

मग ती मुलासमोर जाऊन बसली. रडण्याने तिचा रंग गालांवर ओघळला होता, हातांवरचा बोटांच्या पेरांपासून निघत होता आणि खालून सुरीच्या जुन्या खुणा दिसत होत्या. तिने रस्सा संपवला, मुळ्याचं लोणचं संपवलं, अर्धा डाव भात शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. दोक-सूला खाणं जाईना. जादाचा माशाचा तुकडा त्याने आईकडे सरकवला, तिने तो परत सरकवला. दोघांत तेवढंच झालं. थोड्या वेळाने वर दारात गाडी आल्याचा फोन आला. तो उठला, उभा राहिला, काहीतरी म्हणायचं असल्यासारखा.

"जा," ती म्हणाली. "गाडी थांबलीय."

तो गेल्यावर पिल-लेने त्याचा ट्रे आपल्याकडे ओढला. दोन्ही वाट्या एकात एक घातल्या, चॉपस्टिक्स आणि चमचे वेगळे केले, आणि दोन्ही ट्रे घेऊन ती उष्टी भांडी ठेवायच्या खिडकीशी गेली. उरलेला भात बादलीत झटकला. आधीच्या लोकांनी ट्रे कसेही टाकलेले होते, ते तिने उचलून सरळ केले आणि वर आपले दोन ठेवले. पलीकडे ती वाढणारी बाई फडक्याने काउंटर पुसत होती.

"जेवण छान होतं," पिल-ले म्हणाली आणि वाकली.

बाईने तोंड फिरवलं आणि पुसलेलंच पुन्हा पुसू लागली. पिल-ले क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग तिने जांभळ्या कोटाच्या लांब बाह्या दुमडून वर केल्या, बस कुठून सुटते ते ग्वाकबाईंना पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढू लागली.